मणक्यांमधील जिवाणूसंसर्ग: निदान आणि उपचार कसे करावेत

पाठ दुखते म्हणून डॉक्टरांकडे येणाऱ्या बहुतेक रुग्णांचे दुखणे स्नायूंचे किंवा झिजलेल्या चकतीचे असते आणि काही आठवड्यांत ते ओसरते. याच गर्दीत मणक्यात जिवाणूंचा संसर्ग झालेला एखादा रुग्णही असतो. वेदनाशामक गोळ्या, शेक, पट्टा, विश्रांती असे करता करता त्याचे आठवडे आणि कधी कधी महिनेही निघून जातात. या आजाराचे निदान लांबते ते बहुतेक वेळा तपासणीची सोय नसते म्हणून नव्हे, तर शंकाच घेतली जात नाही म्हणून. दुसरी चूक याच्या उलट टोकाची आहे. शंका येताच, कोणताही नमुना न घेता प्रतिजैविक सुरू केले जाते आणि जंतू कोणता होता हे कळण्याची वाटच बंद होते. या दोन चुका टाळता आल्या, तर पुढचा उपचार लांबलचक असला तरी बराचसा सरळ असतो.

हे मार्गदर्शन कुटुंबडॉक्टर, निवासी डॉक्टर आणि आपल्या माणसाचा उपचार समजून घेऊ पाहणारे नातेवाईक या तिघांसाठी लिहिले आहे. नातेवाइकांनी औषधांची नावे केवळ माहितीसाठी वाचावीत. औषध निवडणे आणि त्याची मात्रा ठरवणे हे प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचेच काम आहे.

संसर्ग मणक्यापर्यंत कसा पोहोचतो

प्रौढांमध्ये जंतू बहुधा रक्तातून मणक्यात येतो. त्वचेवरचे गळू, मूत्रमार्गाचा संसर्ग, हृदयाच्या झडपेवरचा संसर्ग, पायाची चिघळलेली जखम, डायलिसिससाठी किंवा सलाइनसाठी शिरेत ठेवलेली नळी, यांपैकी काहीही त्याचे उगमस्थान असू शकते. मणक्याला रक्त पुरवणारी धमनी दुभंगून लगतच्या दोन मणक्यांच्या समोरासमोरच्या भागांत जाते. त्यामुळे हा संसर्ग बहुतेक वेळा जोडीने होतो: वरच्या मणक्याची खालची कड, खालच्या मणक्याची वरची कड आणि त्यांच्यामधली चकती. प्रौढ माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, म्हणून तिथे शरीराच्या संरक्षक पेशीही नीट पोहोचत नाहीत आणि औषधही. उपचार दिवसांचा नसून आठवड्यांचा का असतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. कंबरेचे मणके सर्वांत जास्त वेळा बाधित होतात, त्याखालोखाल छातीचे आणि नंतर मानेचे.

पू निर्माण करणाऱ्या जंतूंमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस पहिल्या क्रमांकावर आहे. मूत्रमार्गातून आलेल्या संसर्गात ई. कोलाय आणि त्याच्या गटातले जंतू, झडपेच्या संसर्गात स्ट्रेप्टोकॉकस किंवा एंटरोकॉकस, शिरेतून अमली पदार्थ घेणाऱ्यांत स्टॅफिलोकॉकसच्या जोडीला स्यूडोमोनास आणि सिकलसेलच्या रुग्णांत साल्मोनेला हे लक्षात ठेवावेत. कच्चे दूध पिणाऱ्यांत किंवा गुराढोरांच्या निकट संपर्कात असणाऱ्यांत ब्रुसेलाचा विचार करावा. क्षयरोगाचा जंतू या सर्वांहून वेगळ्या चालीने चालतो. त्याबद्दल पुढे स्वतंत्रपणे सांगितले आहे.

शंका कधी घ्यावी

संसर्गाचे दुखणे विश्रांतीने कमी होत नाही. ते रात्री झोप मोडते, दिवसागणिक वाढते, आणि अंथरुणात कूस बदलतानाही रुग्णाला श्वास रोखायला लावते. ताप मात्र असतोच असे नाही. बऱ्याच रुग्णांना ताप येत नाही, आणि वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर आलेला तापही झाकला जातो. म्हणून ‘ताप नाही, म्हणजे संसर्ग नाही’ हा निष्कर्ष या आजारात धोक्याचा आहे. पांढऱ्या पेशींची संख्याही पुष्कळदा सामान्य असते.

त्यापेक्षा रुग्णाची पार्श्वभूमी जास्त बोलते. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, डायलिसिस, यकृताचा जुना आजार, कर्करोग, स्टेरॉइडचा दीर्घ वापर, एचआयव्ही, गेल्या काही महिन्यांतला रक्तातला संसर्ग, नुकतीच झालेली मणक्याची शस्त्रक्रिया किंवा मणक्यात दिलेले इंजेक्शन, यांपैकी काही असेल आणि पाठदुखी नवी असेल किंवा जुनी पाठदुखी अचानक वाढली असेल, तर संसर्ग नाही हे सिद्ध होईपर्यंत तो असू शकतो असे धरून चालावे. उदाहरणार्थ, साठीच्या पुढचा मधुमेही रुग्ण महिन्यापूर्वी पायाच्या जखमेसाठी रुग्णालयात होता आणि आता कंबर धरली म्हणून आला आहे, तर त्याला फक्त गोळ्या देऊन घरी पाठवणे योग्य नाही. लहान मुले पाठ दुखते असे सांगत नाहीत. ती चालायचे सोडतात, बसवले की रडतात, किंवा पोट दुखते म्हणतात.

तपासताना काय पाहावे

रुग्णाला पालथे झोपवून किंवा पुढे वाकवून बसवावे आणि मणक्यांच्या मागच्या उंचवट्यांवर, वरून खाली, एकेक करत मुठीच्या कडेने हलकेच ठोकावे. ठरावीक एकाच जागी रुग्ण दचकला, तर ती खूण महत्त्वाची आहे, पण ती नसली म्हणून संसर्ग नाकारता येत नाही. मग जमिनीवरची वस्तू उचलायला सांगावे. ज्याचा मणका बाधित आहे तो कंबरेतून वाकत नाही. पाठ काठीसारखी ताठ ठेवून गुडघे आणि खुबे दुमडत खाली बसतो. लहान मुलांत ही खूण विशेष उपयोगी पडते. रुग्ण एक मांडी पोटाशी दुमडून झोपला असेल आणि पाय सरळ करताना कळ येत असेल, तर सोआस स्नायूत (कंबरेच्या मणक्यांपासून मांडीपर्यंत जाणाऱ्या स्नायूत) पू साठल्याची शक्यता तपासावी.

यानंतर मज्जासंस्थेची तपासणी कधीही टाळू नये. प्रत्येक पायाची ताकद ० ते ५ या श्रेणीत लिहून ठेवावी, प्रतिक्षिप्त क्रिया पाहाव्यात, आणि गुदद्वाराभोवतीची संवेदना व तिथल्या स्नायूचा ताण तपासावा. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो का, थेंब थेंब होते का, हे स्पष्ट विचारावे. रुग्ण आपणहून हे सांगत नाहीत. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली हे सोनोग्राफीने मोजता येते. ही पहिली नोंद तारीख आणि वेळेसह लिहिलेली असेल, तरच दुसऱ्या दिवशी ताकद घटली की नाही हे कोणालाही ठामपणे सांगता येते.

मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर पू साठला, म्हणजे एपिड्यूरल ॲब्सेस झाला, तर आजार टप्प्याटप्प्याने वाढतो: आधी पाठदुखी, मग हातापायात किंवा बरगड्यांभोवती उतरणारी कळ, मग अशक्तपणा व लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, आणि शेवटी पक्षाघात. पहिल्या दोन टप्प्यांना दिवस लागतात; शेवटचा टप्पा मात्र काही तासांतही येऊ शकतो. ताप, पाठदुखी आणि अशक्तपणा ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसण्याची वाट पाहू नये, कारण ती एकत्र दिसणारे रुग्ण थोडे असतात. पूर्ण पक्षाघात होऊन एक-दीड दिवस उलटला, तर पायांची ताकद परत येण्याची आशा फार कमी उरते. त्यामुळे पायात नवा अशक्तपणा किंवा लघवी तुंबणे दिसले, तर तातडीचा एमआरआय आणि मणक्याच्या शल्यचिकित्सकांचा सल्ला त्याच दिवशी, त्याच वेळी मिळवावा.

आधी नमुना, मग औषध

शंका आली की सीआरपी आणि ईएसआर या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या कराव्यात. दोन्ही सामान्य असतील, तर पू करणाऱ्या संसर्गाची शक्यता बरीच कमी होते. वाढलेले असतील, तर पुढे जावे. सोबत साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), यकृताच्या तपासण्या आणि लघवीचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, पाठवावे.

ब्लड कल्चर, म्हणजे रक्ताचे कल्चर, ही या आजारातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित तपासणी आहे. अनेक रुग्णांत ती एकटीच जंतूचे नाव सांगते आणि मणक्यात सुई घालायची वेळच येत नाही. मात्र ती नीट व्हायला हवी. किमान दोन संच, दोन वेगवेगळ्या शिरांतून टोचून घ्यावेत. प्रत्येक संचात हवेत वाढणाऱ्या जंतूंची एक बाटली आणि हवेविना वाढणाऱ्या जंतूंची एक बाटली असते. त्वचेला लावलेले जंतुनाशक पूर्ण वाळू द्यावे आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावू नये. बाटलीचे प्लॅस्टिकचे झाकण काढले तरी खालचा रबरी भाग निर्जंतुक नसतो. तो स्पिरिटने पुसून वाळवावा. प्रौढांमध्ये प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त जायला हवे. दोन-तीन मिलिलिटरवर भागवले, तर रक्तातले मोजके जंतू हाती लागण्याची शक्यता तेवढीच घटते. नळीची सुई वापरली, तर नळीतली हवा पहिल्या बाटलीत जाते, म्हणून हवेत वाढणाऱ्या जंतूंची बाटली आधी भरावी. ब्रुसेलाची शंका असेल, तर प्रयोगशाळेला आधी कळवावे, कारण तो जंतू हाताळणाऱ्यालाही बाधू शकतो.

एमआरआय हे यातले सर्वांत भरवशाचे चित्र आहे, शक्य असेल तर गॅडोलिनियम हे चित्र स्पष्ट करणारे द्रव्य शिरेतून देऊन. टी१, टी२ आणि स्टर हे एमआरआय चित्रांचे प्रकार आहेत. टी१ चित्रात मणक्यांच्या कडा काळवंडलेल्या, टी२ आणि स्टर चित्रांत त्या व चकती उजळलेल्या, एंडप्लेट (चकतीला लागून असलेला मणक्याचा पातळ थर) कुरतडलेली, आणि आजूबाजूच्या मऊ भागात सूज किंवा पू असे रूप दिसते. झिजेमुळेही एंडप्लेटलगतचे हाड उजळते, पण तिथे चकती सहसा टी२ मध्ये काळीच राहते. कर्करोग हाड खातो आणि चकतीला बहुधा शिवत नाही. हे दोन फरक लक्षात ठेवले, तर बरेच गोंधळ टळतात. एकापेक्षा जास्त जागी रोग असू शकतो, म्हणून शक्यतो संपूर्ण कण्याचे चित्र घ्यावे. साध्या एक्स-रेवर बदल दिसायला काही आठवडे लागतात; सुरुवातीचा एक्स-रे चांगला आहे म्हणून कोणाचेही समाधान करू नये. एमआरआय शक्य नसेल, तर सीटी आणि पेट-सीटी हे पर्याय आहेत.

ब्लड कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस आला आणि चित्रही जुळले, तर बायॉप्सीशिवाय (बाधित भागाचा तुकडा न काढता) उपचार सुरू करता येतो. ब्रुसेलाच्या रक्ततपासणीचा स्पष्ट निष्कर्ष आला, तरीही तसेच. इतर रुग्णांत सीटीच्या मदतीने सुईने नमुना घ्यावा. रुग्ण स्थिर असेल, मज्जारज्जूवर दाब नसेल आणि रक्तात विषबाधा पसरल्याची चिन्हे नसतील, तर नमुना मिळेपर्यंत प्रतिजैविक थांबवून धरावे. ते आधीच सुरू झाले असेल, तर शक्य असल्यास एक ते दोन आठवडे बंद ठेवून मग बायॉप्सी करावी. हे थांबणे रुग्णाला आणि नातेवाइकांना अवघड वाटते, आणि त्यांची घालमेल रास्त आहे. त्यांच्याशी बसून बोलावे लागते. अंदाजाने दिलेले सहा आठवड्यांचे औषध चुकीचे निघाले, तर होणारे नुकसान या थोड्या दिवसांच्या प्रतीक्षेपेक्षा पुष्कळ मोठे असते.

नमुना हाती आल्यावर एक गोष्ट ऑपरेशन थिएटरमध्ये वारंवार बिघडते. सगळा तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला जातो. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात आणि त्या तुकड्यातून पुढे काहीही वाढवता येत नाही. म्हणून नमुन्याचे भाग करावेत: एक भाग निर्जंतुक डबीत, सलाइनचे थेंब घालून, साध्या, हवेविना वाढणाऱ्या, बुरशीच्या आणि क्षयाच्या कल्चरसाठी व जीन एक्सपर्ट या क्षयाचा जंतू झटपट ओळखणाऱ्या तपासणीसाठी, दुसरा फॉर्मेलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी. मणक्यात पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल, तर कल्चर १४ दिवस ठेवायला सांगावे, कारण क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेससारखे जंतू सावकाश वाढतात. पहिली बायॉप्सी कोरी आली, तर ती पुन्हा करावी किंवा शस्त्रक्रियेने नमुना घ्यावा.

या सगळ्याला अपवाद दोनच: पाय अशक्त होत असणे किंवा रक्तदाब घसरण्याइतका गंभीर संसर्ग असणे. अशा वेळी ब्लड कल्चर घ्यावे आणि लगेच व्हँकोमायसिनच्या जोडीला सेफ्ट्रायाक्सोन किंवा सेफेपिम यांसारखे औषध सुरू करावे.

औषध कोणते आणि किती दिवस

जंतूचे नाव आणि त्याची संवेदनशीलता कळली की औषध शक्य तितके नेमके करावे. मेथिसिलिनला (पेनिसिलिनच्या गटातल्या औषधाला) दबणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर सेफाझोलिन किंवा फ्लुक्लॉक्सासिलिन हे व्हँकोमायसिनपेक्षा चांगले काम करते. व्हँकोमायसिन हे मेथिसिलिनला न दबणाऱ्या जंतूसाठी राखावे. स्ट्रेप्टोकॉकसवर पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायाक्सोन, संवेदनशील एंटरोकॉकसवर ॲम्पिसिलिन दिले जाते. रक्तात स्टॅफिलोकॉकस किंवा एंटरोकॉकस सापडला, तर इकोकार्डिओग्राफी करून हृदयाच्या झडपा पाहाव्यातच.

पू करणाऱ्या बहुतेक संसर्गांत एकूण ६ आठवडे उपचार पुरतो. फ्रान्समधील ३५९ रुग्णांवरच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६ आणि १२ आठवडे अशी तुलना झाली आणि बरे होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ९१ टक्के राहिले. न काढलेला पू, शरीरात ठेवलेले स्क्रू-रॉड किंवा औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस असेल, तर मुदत वाढवावी लागते. ब्रुसेलासाठी डॉक्सिसायक्लिनसोबत रिफॅम्पिसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन अशी जोडी असते आणि एकूण उपचार किमान ३ महिने चालतो.

सगळे ६ आठवडे शिरेतूनच औषध द्यावे लागते, हा समज आता मागे पडला आहे. ब्रिटनमध्ये हाडे व सांध्यांच्या संसर्गाच्या १,०५४ रुग्णांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओव्हिव्हा चाचणीत, पहिल्या आठवड्यानंतर तोंडावाटे दिलेले योग्य औषध शिरेतल्या औषधापेक्षा कमी पडले नाही. अर्थात रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस असलेले रुग्ण त्यात नव्हते, आणि गोळी हाडात चांगली पोहोचणारीच हवी. दीर्घ उपचारात औषधांची बाधाही शोधत राहावे लागते. व्हँकोमायसिनवर क्रिएटिनिन आणि रक्तातली पातळी, लिनेझोलिडवर दर आठवड्याला रक्तपेशींची मोजणी, रिफॅम्पिसिनवर यकृत आणि रुग्णाची इतर औषधे यांवर लक्ष असावे.

क्षयरोग असेल तर

मणक्याचा क्षय महिनोन्‌महिने सावकाश वाढतो. तो छातीच्या मणक्यांना जास्त धरतो, चकतीला बराच काळ सोडतो, आवरणांखालून अनेक मणक्यांवर पसरतो आणि पातळ भिंतीचे मोठे गळू करतो. पुढच्या बाजूचे हाड खचून कुबड येते. छातीचा एक्स-रे चांगला असला तरी तो नाकारता येत नाही.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. निदान होण्यापूर्वी लिव्होफ्लॉक्सासिनसारखी क्विनोलोन गटातली गोळी दिली, तर क्षयाच्या रुग्णाला काही काळ बरे वाटते, कल्चर कोरे येते आणि निदान आणखी लांबते. लिनेझोलिड आणि ॲमिकासिन यांचेही तसेच आहे. पाठदुखीचे कारण निश्चित नसताना ही औषधे ‘देऊन पाहू नयेत’.

निदान ऊतीच्या तपासणीने, जीन एक्सपर्टने आणि कल्चरने पक्के करावे. एक्सपर्ट रिफॅम्पिसिनला होणारा विरोधही दाखवते. उपचार आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल यांनी सुरू होतो. मुदत त्या त्या देशाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ६ ते १२ महिने, गरज पडल्यास त्याहून अधिक असते. अंथरुणाला खिळवून ठेवण्याची गरज नसते. १९६० च्या दशकात ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने कोरियात सुरू केलेल्या चाचण्यांत चालत्याफिरत्या रुग्णांचा निकाल झोपवून ठेवलेल्यांइतकाच चांगला होता.

शस्त्रक्रिया कधी

बहुतेक रुग्ण औषधांनीच बरे होतात. मज्जारज्जूवर दाब येऊन ताकद घटत असेल, कणा अस्थिर झाला असेल किंवा बाक वाढत असेल, मोठा पू निचरा न होता राहिला असेल, किंवा योग्य औषध चालू असूनही रक्तात जंतू सापडत राहत असतील, तर मात्र शस्त्रक्रिया लांबवू नये. कुजलेला भाग नीट काढल्यावर तिथे टायटॅनियमचे स्क्रू बसवता येतात. पुढची बाजू खचलेली असताना फक्त मागचे हाड काढणे टाळावे; त्याने उरलासुरला आधारही जातो.

पाठपुरावा

चौथ्या आठवड्याच्या सुमारास वेदना, ताकद, सीआरपी आणि ईएसआर यांचा एकत्र विचार करावा. सीआरपी लवकर उतरतो, ईएसआर रेंगाळतो. ईएसआर ५० च्या वर आणि सीआरपी लिटरमागे २७.५ मिलिग्रॅमच्या वर टिकून असेल, तर औषध अपुरे पडत असल्याची शक्यता वाढते. पू राहिला आहे का, औषध नियमित घेतले जाते का, जंतू वेगळाच आहे का, हे मग नव्याने तपासावे. रुग्ण सुधारत असेल, तर केवळ नियम म्हणून एमआरआय पुन्हा करू नये, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत हाडाचे चित्र रुग्ण बरा होत असतानाही बिघडलेले दिसते आणि त्यावरून नको ती शस्त्रक्रिया ठरण्याची भीती असते. एमआरआय करावाच लागला, तर हाडापेक्षा आजूबाजूच्या मऊ भागातला आणि मज्जारज्जूभोवतीचा पू कमी झाला का, ते पाहावे.

दरम्यान पट्ट्याच्या आधाराने रुग्णाला लवकर उठवावे, साखर काबूत ठेवावी, पुरेशी प्रथिने द्यावीत. ज्याचे पाय हलत नाहीत त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी आणि पायांच्या शिरांत रक्त गोठू नये यासाठी उपाय करावेत. घरी गेल्यावर नातेवाइकांनी चालण्यातला बदल, पायाला मुंग्या आणि लघवीची तक्रार यांवर लक्ष ठेवावे. यांपैकी काहीही नव्याने दिसले, तर पुढच्या भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

संसर्ग उलटला, तर तो बहुधा उपचार संपल्यावर पहिल्या काही महिन्यांतच उलटतो, म्हणून किमान वर्षभर भेटी चालू ठेवाव्यात. या काळात पाठ पुन्हा दुखू लागली, तर डॉक्टर कोणतेही असोत, मागचे कल्चरचे अहवाल आणि एमआरआय त्यांना दाखवावेत, आणि नवे प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी ब्लड कल्चर घ्यायला सांगावे.